चौघांसाठी लिहिलेलं

लहानपणी वसुंधरेला वाजवणं सुरू होण्याआधीचा वेळ सगळ्यात जास्त आवडायचा. रविवारी सकाळी रावपुऱ्यातल्या त्यांच्या घरी चार माणसं जमायची. खाली कापडाचं दुकान, वर दोन खोल्या. पुढच्या खोलीत चार खुर्च्या मांडल्या की दारात उभं राहायलाही जागा उरत नसे, म्हणून ती स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसायची. वडील, मानसिंगराव मोहिते, व्हायोलिनच्या एका तारेवर गज ओढून लांब स्वर द्यायचे आणि बाकीचे तिघं खुंट्या पिळत त्या स्वराकडे यायला लागायचे. कोणी थोडा खाली, कोणी थोडा वर, कोणी अगदी जवळ येऊन पुन्हा घसरलेला. वीज गेल्यावर माणसं एकमेकांना चाचपत ओळखतात तसं ते चालायचं. मग चेलोवाले रोझारियो म्हणायचे, "बस, बस, मळी गयुं!" आणि खरोखरच सगळं मिळालेलं असायचं. मानसिंगराव मान हलवायचे, वाजवणं सुरू व्हायचं, आणि उंबऱ्यावरच्या मुलीला वाटायचं, संपलं.

"बाबा, ते परत करा ना," ती एकदा म्हणाली.

"कुठलं?"

"ते आधीचं."

मानसिंगराव हसले. "अगं वेडे, ते वाजवणं नाही. ते नुसतं जुळवणं."

हे चौघंही बडोदे संस्थानच्या बँडमधले. संस्थान विलीन झालं, बँड मोडला, तेव्हा मानसिंगराव रेल्वेच्या कचेरीत लागले, दुसरं व्हायोलिन वाजवणारे पवारमास्तर शाळेत कवायत शिकवू लागले आणि रोझारियोंनी फतेगंजात सायकलींचं दुकान काढलं. मोहित्यांचे पूर्वज गायकवाडांच्या फौजेतले. मानसिंगरावांच्या वडिलांच्या हातात बंदूक होती आणि मुलाच्या हातात व्हायोलिन आलं, ही नातेवाइकांना घराण्याची उतरणच वाटे. मानसिंगरावांना त्याचं काही नव्हतं. आठवडाभर फायलींत मान घातलेला माणूस रविवारी सकाळी ताठ बसून विलायती संगीत वाजवायचा, तेव्हा त्याचा चेहराच वेगळा दिसे.

चौथे गृहस्थ व्हायोला वाजवायचे. ते मुलाकडे नागपूरला राहायला गेले आणि ती खुर्ची रिकामी पडली. वसुंधरा तेव्हा शाळेत होती, व्हायोलिन बऱ्यापैकी वाजवत होती. वडिलांनी तिच्या हातात व्हायोला दिला. व्हायोलिनपेक्षा थोडा मोठा, आवाजाने जाड, ना धड वरचा ना धड खालचा.

"याच्याकडे कोणी लक्ष देत नाही," मानसिंगराव म्हणाले. "पण हा गप्प बसला तर बाकीचे तिघं उघडे पडतात. सांभाळ."

तिने सांभाळला. कॉलेज झालं, तीही रेल्वेतच लागली, प्रतापनगरच्या कचेरीत. लग्न झालं ते गजेंद्र शिर्क्यांशी. ते रिफायनरीत ऑपरेटर होते. मानसिंगराव एकटे पडतील म्हणून ते रावपुऱ्यातच राहायला आले आणि घरजावई म्हणून झालेली सगळी थट्टा त्यांनी हसत पचवली. रविवारची चौकडी चालूच होती. गजेंद्ररावांना सनई आणि सायरन यांतला फरक कळे, त्यापुढचं काही कळत नसे. रात्रपाळी करून आलेले असले तर ते आतल्या खोलीत त्या आवाजात गाढ झोपायचे.

कुणाल रांगायला लागला होता त्या सुमारास वसुंधरेने चौघांसाठी एक रचना लिहायला घेतली. पाच रेघांवर स्वर लिहायला वडिलांनीच शिकवलं होतं. ज्याला वडिलांनी वाजवणं म्हटलं नव्हतं, तेच तिला वाजवायला लावायचं होतं. पहिल्या भागात चौघं एकमेकांना शोधतात. चेलोचा एक खोल, लांबच लांब स्वर येतो, त्याच्या आजूबाजूने बाकीचे तिघं येतात, जवळ जातात, केसाएवढे चुकतात, पुन्हा मागे सरकतात. सगळ्या भागात एकदाच, एकाच जागी, चौघंही एका स्वरावर भेटतात आणि लगेच सुटतात. दुसरा भाग तिला नवरात्रात सुचला. गच्चीवर कपडे काढायला गेली असताना तीन बाजूंच्या तीन पोळांमधले, गल्ल्यांमधले गरबे एकदमच ऐकू येत होते. प्रत्येकाच्या टाळ्या वेगळ्या, लय वेगळी, आणि वाऱ्याची दिशा बदलली की एखादा गरबा एकदम अंगावर आल्यासारखा मोठा. कपडे तिथेच टाकून ती खाली धावली. तिसरा भाग संथ होता. त्यात बराच वेळ व्हायोला एकटाच.

मानसिंगरावांनी पहिली पानं वाचली, चष्मा कपाळावर सरकवला.

"वसू, इथे चौघं भांडताहेत गं."

"भांडत नाहीत, बाबा. शोधताहेत."

"मला आवडेलच असं नाही," ते म्हणाले. "पण वाजवीन. सगळं पुरं होऊ दे."

पुरं व्हायला वर्षं गेली. नोकरी, घर, मूल, सासरची आजारपणं, या सगळ्यातून जे उरेल त्या वेळात ती लिहायची. शेवटचा भाग अर्धा झाला होता तेव्हा रोझारियो गेले. पवारमास्तरांना ऐकू येईनासं झालं. ते बिचारे तरीही वर्षभर रविवारी यायचे, व्हायोलिन मांडीवर घेऊन बसायचे आणि चहा पिऊन जायचे. रचना पुरी झाली त्या वर्षी मानसिंगरावांचा डावा हात थरथरू लागला होता. त्यांनी पहिल्या व्हायोलिनची पानं स्टँडवर लावली, दोन ओळी वाजवल्या आणि म्हणाले, "उशीर केलास पोरी." पुढच्या हिवाळ्यात तेही गेले.

त्यानंतर वसुंधरेने वाजवणाऱ्यांचा शोध घेतला नाही असं नाही. शहरातल्या एका संगीत मंडळाच्या चिटणिसांना तिने पानं दाखवली. त्यांनी सौजन्याने विचारलं, "यात राग कुठला?"

"कुठलाच नाही."

"मग ऐकणाऱ्याने धरायचं काय?"

मुंबईला विलायती वाद्यवृंदाचं काम पाहणाऱ्या एका गृहस्थांकडे ती रजा काढून गेली. त्यांनी पानं चाळली, मग शेजारच्या खोलीतून दुसऱ्या दोघांना बोलावलं. तिला वाटलं, आता काहीतरी होणार. ते म्हणाले, "बघा, हे बडोद्याच्या एका बाईंनी घरी बसून लिहिलंय. अक्षर काय सुरेख आहे!" तिघांनीही अक्षराची तारीफ केली. कोणी एक ओळ गुणगुणूनसुद्धा पाहिली नाही. परतीच्या गाडीत ती बडोदं येईपर्यंत खिडकीकडे तोंड करून बसली.

गजेंद्ररावांना हे सहन होत नव्हतं. संगीत कळत नसलं तरी काम अर्धवट पडलेलं त्यांना कळत होतं. "प्लांट उभा केला आणि चालूच केला नाही, असं कुठे असतं का?" ते म्हणायचे. त्यांनी दोन टेपरेकॉर्डर आणले. एकावर वसुंधरेने व्हायोलिनचा भाग भरला आणि तो लावून ती दुसऱ्यापाशी व्हायोला वाजवायला बसली. पण टेपची गती जराशी हलायची, स्वर उतरायचे, आणि खालचा चेलो तर नव्हताच. पायाशिवाय भिंत उभी करावी तसं ते व्हायचं.

मग गजेंद्रराव निवृत्त झाले. महिनाभर घरात येरझाऱ्या घातल्या आणि एका दुपारी ते रिक्षातून उतरले ते माणसाएवढं काहीतरी मिठीत घेऊन. फतेगंजला रोझारियोंच्या मुलीकडे जाऊन त्यांनी तिच्या बापाचा चेलो मागून आणला होता.

"अहो, हे काय?"

"शिकणार."

"या वयात?"

"नावातच गज आहे माझ्या," ते म्हणाले. "हातात कधी धरला नाही एवढंच."

वसुंधराबाईंना हसावं की काय करावं कळेना. चेलो त्यांनाही येत नव्हता, पण बोटं कुठे पडतात हे माहीत होतं. त्या शिकवू लागल्या. रोज दुपारी जेवणं झाली की गजेंद्रराव खुर्चीच्या कडेला बसायचे, गुडघ्यांत चेलो धरायचे आणि व्हॉल्व्ह फिरवावा तशा निर्धाराने गज ओढायचे. खालच्या दुकानातल्या शेठनी एकदा जिन्यात गाठलं. "शिर्केभाई, उपर शुं चाले छे? फर्निचर खसेडो छो?"

"हो ना," गजेंद्रराव म्हणाले. "जड कपाट आहे. रोज थोडं थोडं सरकवतोय."

त्यांना येऊन येऊन पहिलं पान आलं. त्या पानावर होतं काय, तर चेलोचा तोच एक खोल, मोकळ्या तारेवरचा स्वर, मग अध्येमध्ये दोन-चार दुसरे, आणि पुन्हा तो. स्वर लावला की सुरुवातीला नीट यायचा. मग हात भरून यायचा, गज थरथरायचा, आवाज मध्येच फाटायचा आणि गजेंद्रराव ओठ दाबून त्याला परत पकडायचे. वसुंधराबाई त्याच्यावर व्हायोला धरायच्या. चार आवाजांतले दोन. पानाच्या शेवटी दोघंही थांबायचे आणि एकमेकांकडे बघायचे.

"दुसरं पान घ्यायचं?" त्या विचारायच्या.

"पहिलं पक्कं होऊ दे."

ते काही पक्कं झालं नाही. पण वर्षानुवर्षं दुपारी रावपुऱ्यातल्या त्या घरात ते पान वाजत राहिलं. कुणालचं लग्न झालं. प्राची गुजराती घरातली. ती या घरात आली तेव्हा पहिल्याच दुपारी सासऱ्यांना चेलो ओढताना बघून तिला वाटलं होतं, ही शिर्क्यांच्या घरची काही पूजा असेल.

एका सकाळी गजेंद्रराव खंडेराव मार्केटमधून भाजी घेऊन आले. पिशवी ओट्यावर ठेवली, "तुरीच्या शेंगा चांगल्या मिळाल्या," म्हणाले आणि खाली बसले. डॉक्टर येईपर्यंत सगळं संपलं होतं.

चेलो खोळीत गेला. वसुंधराबाईंची बोटंही हळूहळू आखडली, व्हायोला धरवेना. राहिली ती रचना डोक्यात. पोळ्या लाटताना, बँकेच्या रांगेत, कमाटी बागेत फिरताना त्या ती पहिल्यापासून लावायच्या. कुणालने एकदा कोणाकडून तरी सगळे स्वर संगणकात घालून आणले. बटण दाबताच चौघं एका दमात, एका सुरात, घड्याळासारखे वाजू लागले. वसुंधराबाईंनी थोडं ऐकलं आणि म्हणाल्या, "बंद कर रे. यात कोणाला हातच नाहीत." कुणालला वाईट वाटलं, पण त्याने बंद केलं.

मागच्या पावसाळ्यानंतर प्राचीने ऑफिसातून येता येता फोन पुढे धरला. "मम्मी, हे बघा ने. पुण्याची चार मुलं आहेत, तुमचं तेच वाजवतात, क्वार्टेट. फतेगंजला प्रोग्राम आहे. चालो, जाऊ या."

त्या गेल्या. चौघं तिशीच्या आतबाहेरचे. अवंती नावाची मुलगी पहिलं व्हायोलिन वाजवत होती, सोहम चेलो. बाकीची दोघंही तयार होती. वाजवण्यापूर्वी त्यांनी स्वर जुळवले तेव्हा वसुंधराबाईंनी प्राचीचा हात इतका घट्ट धरला की प्राची वळून बघू लागली. कार्यक्रम संपल्यावर प्राचीच पुढे झाली. सासूबाईंनी सांगितलं नव्हतं, तरी तिने पिशवीत पानं घालून आणली होती.

अवंतीने उभ्याउभ्याच वाचायला सुरुवात केली. वाचता वाचता ती खुर्चीवर बसली. ओठांतल्या ओठांत काहीतरी गुणगुणली, परत मागच्या पानावर गेली.

"हे तुम्ही कधी लिहिलंत?"

"तुझ्या जन्माआधी."

"आणि कोणी वाजवलंय?"

"कोणीच नाही. पहिलं पान दोघांनी."

अवंतीने सोहमला हाक मारली. त्यांची गाडी दुसऱ्या दिवशी दुपारची होती. "सकाळी हॉल मिळतोय का बघते," ती म्हणाली. "तुम्ही याल ना, ताई?"

त्या रात्री वसुंधराबाईंना झोप लागली की नाही कोण जाणे, सकाळी कुणाल उठला तेव्हा त्या साडी नेसून तयार बसल्या होत्या.

रिकाम्या हॉलमध्ये चार खुर्च्या आणि समोर पाचवी. कुणाल मागे उभा राहिला. वसुंधराबाईंना वाटलं होतं, पहिल्या स्वराबरोबर आपल्याला रडू येईल. त्यांनी रुमालही काढून ठेवला होता. सोहमने गज ठेवला आणि तो स्वर आला. गोल, भरलेला, सरळ, तेलाच्या धारेसारखा न तुटणारा. त्याच्यावर व्हायोला आला, मग दोन्ही व्हायोलिनं. चौघं शोधू लागले. जे आयुष्यभर मनात ऐकलं ते हवेत होतं, समोर होतं, आणि वसुंधराबाईंच्या मनात कोणीतरी म्हणत होतं, हे ते नाही.

चूक कुठे आहे ते त्या शोधू लागल्या. मुलं पहिल्यांदाच वाचत होती, एखाददुसरा स्वर हुकत होता, पण ते नव्हे. व्हायोला बरोबर होता. व्हायोलिनं बरोबर होती. सोहमचा तो स्वर तर इतका बरोबर होता की त्याहून चांगला कोणी काढूच शकला नसता. आणि एकदम त्यांच्या लक्षात आलं. इतकी वर्षं त्यांना वाटत होतं, डोक्यात वाजतात ते बाबा, पवारमास्तर, रोझारियो. वरचे आवाज त्यांचे होतेही. खालचा कधीच बदलला होता.

"थांबा," त्या म्हणाल्या.

चौघं थांबले.

"सोहम, तो पहिला स्वर... जरा कमी चांगला येईल का?"

मुलं हसली. मग सोहमने बाईंचा चेहरा बघितला.

"कमी चांगला म्हणजे कसा, ताई?"

"ज्याला येत नाही अशा माणसासारखा. हात भरून आलाय, पण सोडायचा नाही असं ठरवलंय."

सोहमने मनापासून प्रयत्न केला. गज हलका धरला, मनगट सैल केलं, स्वर थरथरवला. थरथर सुंदर होती. थरथर कशी काढतात हे माहीत असलेल्या हाताची होती.

"असा?"

"अजून एकदा."

त्याने वेगवेगळ्या तऱ्हांनी वाजवून पाहिलं. एकदा आवाज मुद्दाम फाडला, तेव्हा मागे उभा असलेला कुणाल चटकन बाहेर व्हरांड्यात गेला. वसुंधराबाईंनी ते पाहिलं.

"राहू दे," त्या सोहमला म्हणाल्या. "तुझा तूच वाजव. तुझा चांगला आहे."

त्यांनी पहिला भाग शेवटपर्यंत नेला. दुसरा मध्येच कोसळला, तिघं तीन वाटांनी गेले आणि सगळेच हसू लागले. गाडीची वेळ झाली. निघताना अवंतीने पानांचे फोटो काढून घेतले. "आम्ही हे बसवणार आहोत," ती म्हणाली. "संक्रांतीनंतर, तुमच्या उत्तरायणानंतर परत येऊ आणि इथेच वाजवू. तोवर मी तुम्हाला फार त्रास देणार आहे."

त्या संध्याकाळी कणीक भिजवताना वसुंधराबाईंनी सवयीने डोक्यात पहिलं पान लावलं. सोहमचा स्वर आला. त्यांनी तो बाजूला सारून दुसरा आणायचा प्रयत्न केला. आला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. बागेत गेल्या, गच्चीवर जाऊन बसल्या, आतल्या खोलीत चेलोच्या खोळीशेजारी बसून पाहिलं. प्रत्येक वेळी तोच गोल, सरळ, परका स्वर. मग त्यांनी लावायचंच सोडून दिलं आणि डोकं रिकामं झालं. त्या कमी बोलू लागल्या. ताटात वाढलेलं तसंच राहू लागलं.

प्राचीला राहवेना. "मम्मी, तुम्हाला तर खुश व्हायला पाहिजे ने? एवढ्या वर्षांनी वाजलं."

"आहे गं खुश."

"मग?"

वसुंधराबाई कोथिंबीर निवडत होत्या. "ते गेले तेव्हा मी फार रडले नाही, आठवतंय तुला? सगळे म्हणाले, बाई घट्ट आहे. मी घट्ट नव्हते गं. मला ते रोज ऐकू येत होते. कळत नव्हतं एवढंच. आता ते ऐकू यायचे थांबले."

प्राची त्यांच्या शेजारी बसली आणि कोथिंबिरीची अर्धी जुडी तिने स्वतःकडे ओढली. त्या दुपारी सासूबाई रडल्या, सात वर्षांनी, आणि प्राचीने ऑफिसला अर्ध्या दिवसाची रजा कळवली.

अवंतीने मात्र शब्द पाळला. तिने खरोखरच त्रास दिला. दर दोन-तीन दिवसांनी फोन. ताई, इथे व्हायोलाने गज खाली ओढायचा की वर? ताई, दुसऱ्या भागात तिघांची लय कुठे तुटते ते मला कळत नाहीये. वसुंधराबाईंनी तिला गच्चीवरच्या तीन गरब्यांची गोष्ट सांगितली, तेव्हा पलीकडून अवंती ओरडली, "अहो, मग आधी का नाही सांगितलंत!" एका ठिकाणी चेलोला गाठताच येणार नाहीत असे दोन स्वर वसुंधराबाईंनी एकत्र लिहिले होते. ती चूक उघडकीला आली तेव्हा त्यांना इतकी लाज वाटली की त्या दिवसभर त्या ओळीवर बसल्या आणि संध्याकाळपर्यंत त्यांनी तिथे नवीनच काहीतरी लिहिलं. पाच रेघांवर पेन्सिल टेकवून त्यांना कैक वर्षं झाली होती. बोटं दुखली. रात्री त्यांनी दोन पोळ्या जास्त खाल्ल्या, असं प्राचीने कुणालला सांगितलं.

उत्तरायण झालं. फतेगंजच्या झाडांवर आणि तारांवर फाटके पतंग लोंबत होते, मांजाचे गुंते पायात येत होते, तेव्हा ती चौघं परत आली. हॉल अर्धाही भरला नाही. विद्यार्थी होते, थोडी पारशी आणि ख्रिस्ती वडीलधारी मंडळी, प्रतापनगर कचेरीतल्या दोन जुन्या मैत्रिणी, खालच्या दुकानातले शेठ आणि शेठाणी. दारात वाटलेल्या कागदावर रचनाकार म्हणून वसुधा शिर्के असं छापलं होतं. कुणालच्या कपाळाची शीर उठली. "आई, मी जाऊन सांगून येतो. एवढंही नाव नीट छापता येत नाही?"

"बस खाली," वसुंधराबाई म्हणाल्या. "आता सुरू होईल."

सुरू झालं. सोहमचा स्वर आला आणि या वेळी त्यांनी त्याच्याशी भांडण केलं नाही. त्या मुलाने तीन महिने या एका स्वरावर घालवले होते, ते ऐकू येत होतं. चौघं शोधत गेले. ज्या एका जागी ते भेटतात ती जागा जवळ येताना वसुंधराबाईंनी श्वास धरला. चौघं भेटले. गजाच्या एका ओढीपुरते, आणि सुटले. मागच्या रांगेतून दोन माणसं उठून बाहेर गेली. दुसऱ्या भागात टाळ्यांच्या तीन लयी एकमेकींत घुसू लागल्या, तशी शेठाणी नवऱ्याच्या कानात मोठ्याने म्हणाली, "अरे, आ तो गरबो छे!" आजूबाजूचे हसले, आणि अवंतीही वाजवता वाजवता हसली. तिसरा भाग वसुंधराबाईंनी त्यापूर्वी आयुष्यात ऐकलाच नव्हता. सरावाचं त्याचं रेकॉर्डिंगही मुलांनी पाठवलं नव्हतं. फोनवर नको, समोरच ऐका, असा अवंतीचा हट्ट होता. व्हायोला एकटा निघाला, बराच लांब गेला, बाकीचे तिघं त्याची वाट बघत असल्यासारखे गप्प. तिसऱ्या भागाचा उत्तरार्ध त्यांनी रोझारियो गेल्यावर लिहिला होता. तो लिहिणाऱ्या तिशीतल्या त्या बाईला किती काय माहीत होतं, याचं त्यांना नवल वाटलं. रुमाल पर्समध्येच राहिला आणि पदर ओला झाला.

टाळ्या झाल्या. फार नाही, पण थांबता थांबता पुन्हा सुरू झाल्या. अवंतीने खाली येऊन त्यांना हाताला धरून उठवलं आणि लोकांकडे वळून स्वच्छ, मोठ्या आवाजात सांगितलं, "वसुंधरा शिर्के. कागदावर आमच्या हातून चूक झाली आहे. वसुंधरा."

रात्रीच्या गाडीने मुलं गेली. जाताना सोहम पाया पडला आणि म्हणाला, "ताई, तो स्वर मला सापडला नाही."

"तो तुझ्यासाठी नव्हताच रे," त्या म्हणाल्या आणि त्याच्या पाठीवरून हात फिरवला.

घरी जाताना कुणालने गाडी शेव-उसळीच्या लारीपाशी, हातगाडीपाशी थांबवली. कोणालाच घरी जाऊन स्वयंपाक करायचं त्राण नव्हतं. तिघं प्लास्टिकच्या स्टुलांवर बसली. वसुंधराबाईंनी वरून तर्री मागून घेतली, तिखटाने त्यांच्या नाकाडोळ्यांतून पाणी आलं, तरी पाव आणखी मागवला.

"आई, खरं सांगू?" कुणाल म्हणाला. "मला फारसं कळलं नाही. पण मध्येच कुठेतरी असं झालं की... जाऊ दे."

"जाऊ दे काय? सांग की."

"नाही सांगता येत." त्याने शेव चिवडली. "तू कसला विचार करत होतीस? सगळा वेळ मान वळवून मागे बघत होतीस."

"तुझे बाबा कुठे बसले असते ते बघत होते."

प्राचीने हातातला पाव खाली ठेवला. "कुठे बसले असते, मम्मी?"

"शेवटच्या रांगेत, दाराजवळच्या खुर्चीवर," वसुंधराबाई म्हणाल्या. "झोप लागली तर कोणाला दिसू नये म्हणून."